‘पुढे काम चालू आहे’ : फलकांमागचं गणित

पावसाळा सरून डांबराला कोरडी हवा मिळाली की रस्त्यांची कामं निघतात आणि त्यांच्यामागोमाग आमच्या टपालात प्रश्नही येतात. या वेळी त्यांतले नऊ प्रश्न निवडले आहेत. उत्तरं लिहिताना एक धागा सारखा हाती येत राहिला. फलक असो, शंकू असो, झेंडा असो की मोकळी सोडलेली जागा, कामाच्या ठिकाणी मांडलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चालकाला दोन-चार सेकंद जास्त मिळावेत म्हणून असते.

प्रश्न : लाल त्रिकोणातला काळा माणूस नक्की काय करत असतो? माझा भाऊ म्हणतो, तो छत्री उघडतोय.
— इयत्ता सातवीचा वाचक, कराड

तुझ्या भावाला ब्रिटनमध्ये पुष्कळ पाठीराखे मिळतील. या चित्राची तिथे अनेक वर्षं हीच थट्टा चालते. प्रत्यक्षात तो फावड्याने ढीग उपसणारा मजूर आहे. ब्रिटनमधल्या आजच्या रस्ताचिन्हांची आखणी जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी केली. वॉरबॉइज समितीच्या शिफारशींनंतर १ जानेवारी १९६५पासून ती चिन्हं लागू झाली. आपल्या फलकावरचा मजूर त्याच घराण्यातला आहे.

पण मजुरापेक्षाही त्याच्या भोवतीची चौकट आधी बघायची. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे सावध राहा. वर्तुळ म्हणजे हुकूम, तो पाळावाच लागतो. चौकोन म्हणजे नुसती माहिती. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या पहिल्या अनुसूचीत चिन्हांचे हेच तीन गट आहेत. रस्त्यावरच्या चिन्हांबाबत १९६८ साली व्हिएन्ना इथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८०मध्ये भारत त्यात सामील झाला. पंजाबातून आलेल्या ट्रकचालकाला ‘पुढे काम चालू आहे’ ही मराठी पाटी वाचता येणार नाही, पण त्रिकोण त्याला कळतो. शिवाय आकार फार लांबून ओळखू येतो. आतलं चित्र स्पष्ट होण्याआधीच चालकाचा पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला जावा, एवढीच त्या चौकटीकडून अपेक्षा असते.

प्रश्न : मुंबई-गोवा महामार्गावर काम बरंच पुढे असतं आणि फलक कितीतरी आधी लागतो. तोवर माणूस विसरूनही जातो. फलक कामाजवळच का लावत नाहीत?
— एक वाचक, चिपळूण

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. काही दिसलं, ते डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, या सगळ्याला भारतीय रस्ते अभियंते अडीच सेकंद धरतात. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ५५ मीटर संपले. त्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगळं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत ताशी ५० किलोमीटरला हे एकूण अंतर ६० मीटर आहे, ८०ला १२० आणि १००ला १८०. वेग दुप्पट झाला की थांबण्याचं अंतर तिप्पट होतं, ते असं.

हा हिशेब धड रस्त्याचा. कामाच्या जागी खडी सांडलेली असते, टँकरने पाणी मारलेलं असतं आणि समोरचा डंपर मध्येच वळतो. म्हणून पहिला फलक लांब लावतात आणि तुम्ही विसरू नये म्हणून पुढे टप्प्याटप्प्याने आणखी लावतात. आधी काम असल्याची सूचना, मग वेगमर्यादा, मग रस्ता अरुंद होतोय किंवा एक मार्गिका बंद आहे हे सांगणारं चिन्ह, आणि शेवटी कोणत्या बाजूने जायचं तो बाण.

रस्तेकामाच्या जागेचे चार भाग मानतात : आगाऊ सूचनेचा पट्टा, वाहनं वळवण्याचा पट्टा, प्रत्यक्ष कामाचा पट्टा आणि वाहनं पूर्ववत मार्गावर आणण्याचा पट्टा. याचे तपशील इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘एसपी ५५’ या मार्गदर्शिकेत आहेत. जाता जाता एक मराठी धागा : ही संस्था १९३४ साली उभी राहिली ती ज्या समितीच्या शिफारशींतून, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच हे जयकर.

प्रश्न : ‘उजवी लेन बंद’ असा फलक दिसला की मी लगेच डावीकडे येतो. मागचे मात्र रिकाम्या लेनमधून शेवटपर्यंत पळवतात आणि पुढे घुसतात. बरोबर कोण?
— एक वाचक, नाशिक

ते वाहतूक कशी चालली आहे यावर ठरतं. गाड्या वेगात असतील तर तुमचं बरोबर आहे. मागच्याला इशारा देऊन, जागा बघून लवकर लेन बदलावी. रांग लागून गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतील, तर मात्र दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरणं आणि अरुंद तोंडाशी एक डावीकडची, एक उजवीकडची असं आळीपाळीने शिरणं अधिक सोयीचं असतं, कारण रांगेची लांबी कमी होते. जर्मनीत हा आळीपाळीचा नियम कायद्यातच आहे. आपल्याकडे तो चालत नाही, कारण तिथे ‘एकाला जागा देणं’ हा नियमाचा अर्धा भाग आहे आणि आपण फक्त घुसण्याचा अर्धा भाग उचलला आहे.

शंकूंची तिरकी रांग किती लांब असावी यालाही हिशेब आहे. अमेरिकेतल्या नियमपुस्तिकेचं उदाहरण घ्या. १२ फुटांची एक लेन बंद करायची असेल आणि वाहनं ताशी ६० मैलांनी येत असतील, तर तिरकी रांग ७२० फूट, म्हणजे साधारण २२० मीटर हवी. तीच लेन ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर बंद करायची तर १८० फूट पुरतात. वेग निम्मा आणि लांबी पाव. आपल्याकडे महामार्गावर चार-पाच शंकूंत लेन संपवलेली दिसते. अशा ठिकाणी घुसणाऱ्या चालकाबरोबर शंकू मांडणाऱ्याचाही दोष असतो.

प्रश्न : शंकू लावून लांबलचक रस्ता अडवलेला असतो, आत चिटपाखरू नसतं. मग आम्हाला कोंडीत का उभं करतात?
— एक वाचक, ठाणे

याची तीन कारणं असू शकतात.

पहिलं, ती जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. शंकूंची तिरकी रांग संपल्यावर लगेच मजूर उभे केले तर ब्रेक न लागलेली गाडी थेट त्यांच्यावर जाईल. म्हणून मध्ये एक मोकळा टापू सोडतात. त्यात खडीचा ढीग, रोलर किंवा मुकादमाची मोटरसायकलही उभी करायची नसते. तो टापू रिकामा राहिला तरच उपयोगाचा.

दुसरं, काम दिसत नसलं तरी चालू असतं. काँक्रीट टाकल्यावर त्यावर ओली पोती पसरून किंवा पाणी मारून ते मुरू द्यावं लागतं. त्याची ठरलेली ताकद २८ दिवसांनी मोजतात. वरून कडक दिसणाऱ्या नव्या काँक्रीटवर लवकर ट्रक सोडला, तर त्याची किंमत पुढची अनेक वर्षं मोजावी लागते. डांबराचं तसं नसतं. ते गरम असतानाच रोलर फिरवून दाबायचं असतं आणि निवलं की रस्ता लवकर खुला करता येतो. म्हणूनच शहरात डांबरीकरण एका रात्रीत उरकतं आणि काँक्रीटीकरणाचे पत्रे आठवडेच्या आठवडे उभे राहतात.

तिसरं कारण म्हणजे ठेकेदाराचा आळस. काम हलतं, शंकू हलत नाहीत. रोजचं काम जेवढं तेवढीच जागा अडवायची, हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो.

प्रश्न : अडथळ्यांवरचे पट्टे तिरके का रंगवतात? आडवे-उभे चालले नसते का?
— एक वाचक, सांगली

त्या तिरकेपणात दिशा दडलेली आहे. पट्टे साधारण ४५ अंशांत असतात आणि वाहनाने ज्या बाजूने जायचं, त्या बाजूला उतरतात. पट्ट्यांवर पाणी ओतलं असतं तर ते जिकडे ओघळलं असतं, तिकडून गाडी काढायची, एवढं लक्षात ठेवा. मधोमध उभ्या केलेल्या अडथळ्याच्या दोन्ही बाजूंनी वाट असेल तर पट्टे मध्यापासून दोन्हीकडे उतरतात. रस्ता पूर्ण बंद असेल आणि कुठेच वळायचं नसेल तर ते दोन्हीकडून मध्याकडे उतरतात.

पुलाच्या कठड्याच्या टोकाला किंवा दुभाजकाच्या तोंडाशी असलेल्या काळ्या-पिवळ्या पाट्यांनाही हाच नियम लागू आहे. रात्री मुसळधार पावसात बाण दिसला नाही तरी पट्ट्यांचा कल दिसू शकतो. अर्थात, पट्टे रंगवणाऱ्याला हा नियम कोणी सांगितलेला असेल तर! कित्येक ठिकाणी डावी पाटी उजवीकडे आणि उजवी डावीकडे ठोकलेली सापडते. तेव्हा पट्ट्यांकडे जरूर बघा, पण त्याबरोबर बाण आणि शंकूंची रांगही तेच सांगते का हे ताडून पाहा.

प्रश्न : इथे अमेरिकेत कामाचे सगळे फलक नारिंगी आणि पतंगाच्या आकाराचे असतात. भारतात त्रिकोण का? आणि ते दिवसा जणू पेटल्यासारखे कसे दिसतात?
— एक वाचक, न्यू जर्सी

व्हिएन्ना करारात अमेरिका नाही. तिथे धोक्याच्या फलकाचा आकार टोकावर उभा केलेला चौकोन हा आहे. कायमच्या धोक्यासाठी पिवळा आणि तात्पुरत्या कामासाठी नारिंगी, अशी त्यांनी वाटणी केली. रंग दिसताच चालकाला कळतं की नेहमीचा रस्ता आज नेहमीसारखा नाही. लाल त्रिकोण वापरणाऱ्या देशांनीही अशी सोय केली आहे. फ्रान्समध्ये कामाच्या जागेवरच्या त्रिकोणाची पार्श्वभूमी पांढरी नसून पिवळी असते. आपल्याकडेही पिवळ्यावर काळ्या अक्षरांचे तात्पुरते फलक सर्रास दिसतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिवसा एक आणि रात्री दुसरं आहे. दिवसा तो रंगाचा गुण असतो. प्रकाशातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि निळसर भाग हे रंगद्रव्य शोषतं आणि नारिंगी प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतं. म्हणून ढगाळ सकाळी किंवा तिन्हीसांजेलाही फलक भोवतालापेक्षा उजळ दिसतो. रात्री हा गुण फारसा उपयोगी नसतो. तेव्हा कामाला येतो तो फलकावरचा परावर्तक पापुद्रा. त्यातले बारीक काचमणी किंवा सूक्ष्म लोलक हेडलाइटचा प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतात. त्यामुळे गाडीतल्याला फलक लखलखीत दिसतो आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्याला तोच मंद दिसतो.

मजुरांच्या जाकिटातही हीच जोडी असते. कापडाचा भडक रंग दिवसासाठी आणि रुपेरी पट्ट्या रात्रीसाठी. पावसाळ्यात दोन्हींवर चिखल बसतो. म्हणून फलक रोज पुसणं हा कामाचाच भाग आहे, शोभेचा नाही.

प्रश्न : घाटात एकेरी वाहतूक असते तेव्हा झेंडेवाला अर्धा अर्धा तास थांबवतो. पलीकडची शेवटची गाडी गेली हे त्याला कळतं तरी कसं?
— एक वाचक, कोल्हापूर

अंतर थोडं असेल तर दोन झेंडेवाले एकमेकांना दिसतात आणि हातवाऱ्यांवर काम भागतं. वळण आड येत असेल तर मध्ये तिसरा माणूस उभा करतात किंवा वॉकीटॉकी वापरतात. घाटात रेंज गेली की फोनचा भरवसा नसतो. त्यावर एक जुनी आणि खात्रीची युक्ती आहे. सोडलेल्या गाड्यांपैकी शेवटच्या चालकाच्या हाती एक झेंडा किंवा खूण द्यायची आणि ती पलीकडच्या झेंडेवाल्याकडे पोचवायला सांगायची. खूण हाती आली की वाट मोकळी झाली, यात शंका उरत नाही. अमेरिकेच्या नियमपुस्तिकेतही ही पद्धत नमूद आहे.

तिकडचे झेंडेवाले आता नेहमीच्या कामाला झेंडा वापरत नाहीत. त्यांच्या हाती दांड्यावरची पाटी असते. एका बाजूला लाल अष्टकोनात ‘थांबा’ आणि दुसऱ्या बाजूला नारिंगीवर ‘सावकाश’. यातला बारकावा बघा : दुसऱ्या बाजूला ‘जा’ असं लिहिलेलं नसतं. आपल्या हिरव्या झेंड्याचा अर्थही तेवढाच घ्यावा. वाट तुमची आहे, वेग मात्र कामाच्या जागेचाच.

अर्ध्या तासाच्या खोळंब्याला बऱ्याचदा झेंडेवाला जबाबदार नसतोच. थांबलेल्या रांगेशेजारी आपणच दुसरी आणि मग तिसरी रांग करतो. समोरून सुटलेल्या गाड्यांना बाहेर पडायलाच जागा उरत नाही आणि दोन्ही तोंडं बंद होतात. घाटात रांगेत उभं राहणं हा पुढे जाण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे.

प्रश्न : रस्ता खरवडून ठेवतात तेव्हा स्कूटर आपोआप डुलते. भीती वाटते. काय करावं?
— एक वाचक, पुणे

नवा थर देण्याआधी जुना थर यंत्राने खरवडतात. त्यामुळे पृष्ठभागावर प्रवासाच्या दिशेने बारीक चऱ्या पडतात आणि टायरची नक्षी त्यांच्यात थोडी थोडी अडकते. डुलणं त्याचंच. त्याने स्कूटर पडत नाही. ती पडते आपण घाबरून हँडल घट्ट धरतो आणि पुढचा ब्रेक दाबतो तेव्हा. वेग आधीच उतरवावा, हँडल सैलसर धरावं आणि सरळ जात राहावं.

खरा धोका खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या भागांमधल्या पायरीचा असतो. ती दोन-तीन इंचांचीच असते, पण तिला जवळजवळ समांतर जात चढायला गेलं तर पुढचं चाक कडेला घासत राहतं आणि गाडी आडवी होते. चढायचंच असेल तर वेग अगदी कमी करून शक्य तेवढ्या काटकोनात चढावं. नाहीतर आहे त्याच पातळीवर राहावं आणि उतार करून दिलेल्या जागी वर यावं. सुटी खडी आणि असमान पृष्ठभाग यांचे फलक चारचाकीवाल्याला किरकोळ वाटतात. दुचाकीवाल्याने त्यांना सगळ्यांत वरचं स्थान द्यावं.

प्रश्न : आमच्या भागात फलकांऐवजी चुना फासलेले दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवतात. उलट एका ठिकाणी काम कधीच संपलं, तरी ‘काम चालू’चा फलक तसाच आहे. याला काही कायदा आहे का, आणि सांगायचं कोणाला?
— एक वाचक, बीड

कायदा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रस्तेकामाच्या प्रमाण तपशिलांत, काम चालू असताना वाहतुकीची सोय कशी करायची यासाठी कलम ११२ आहे. फलक, अडथळे, दिवे आणि झेंडेवाले ही त्यानुसार ठेकेदाराची जबाबदारी असते. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १९८अ आलं. रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल यांत सुरक्षिततेची मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवलं, तर संबंधित अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागार यांना त्यानुसार एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चालकावरही बंधन आहेच. कलम ११९नुसार हुकुमाची, म्हणजे वर्तुळातली चिन्हं पाळावीच लागतात. त्यामुळे कामाजवळच्या वर्तुळातला ‘३०’ हा केवळ सल्ला नसतो.

दगड वाईट का, तर तो रात्री दिसत नाही आणि धडकलं तर मोडत नाही. शंकू आणि प्लास्टिकची पिंपं मऊ असतात ती याचसाठी. चुकलेल्या चालकाला शिक्षा करणं हे त्यांचं काम नव्हे. फांदी निदान चिरडली जाते, पण वाऱ्याने ती लेनमध्ये येते आणि तिच्यावर प्रकाश चमकत नाही. डांबराच्या रिकाम्या लोखंडी पिंपाला लाल-पांढरा रंग दिला तरी ते लोखंडीच राहतं.

तरीही मला या दगडांहून जास्त काळजी तुमच्या त्या उरलेल्या फलकाची वाटते. दगड एखाद्या रात्री एका गाडीला फसवतो. काम संपल्यावर उभा राहिलेला फलक रोज शेकडो चालकांना शिकवतो की लाल त्रिकोण दिसला तरी पुढे काही नसतं. हे शिकलेला चालक पुढच्या तालुक्यात खऱ्या फलकासमोरही पाय उचलत नाही, आणि त्या फलकाने मिळवून दिलेले सेकंद मजुरांपर्यंत पोचतच नाहीत.

तक्रार करण्याआधी रस्ता कोणाचा ते बघा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा मदतक्रमांक आहे. राज्य महामार्गाबाबत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात आणि शहरातल्या रस्त्याबाबत नगरपालिकेत किंवा महापालिकेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात जवळच्या दगडावरचा किलोमीटर, वाहतुकीची दिशा, तारीख आणि दिवसा व रात्री काढलेला प्रत्येकी एक फोटो द्या. रात्रीचा फोटो विशेष महत्त्वाचा, कारण फलक चमकतो की नाही याचा पुरावा दिवसाच्या फोटोत मिळत नाही. आणि अर्जात ‘फलक लावा’ एवढंच न मागता, ‘काम संपलेल्या ठिकाणचे फलक काढा’ हीही मागणी लिहा.